बंदिवासाचे अर्थ : मराठी तुरुंगलेखन आणि न लिहिणारा बंदी

प्रस्तावना

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तुरुंगात लिहिल्या गेलेल्या ग्रंथांना विशेष मानाचे स्थान आहे. 'गीतारहस्य', 'माझी जन्मठेप', 'गीताप्रवचने', 'श्यामची आई' ही नावे उच्चारताच बंदिवासाची पार्श्वभूमी वाचकाच्या मनात उभी राहते. या ग्रंथांविषयी लिहिताना समीक्षकांनी तुरुंगाला तपोभूमी, साधनास्थळ, ज्ञानपीठ अशी विशेषणे वारंवार वापरली आहेत. ती त्या त्या ग्रंथकर्त्याच्या संदर्भात अस्थानी नाहीत. मात्र त्यांच्या सततच्या वापरामुळे बंदिवास म्हणजे थोर पुरुषाला लाभलेला सक्तीचा एकांत, असे एक समीकरण अभ्यासकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या मनात रूढ झाले. ज्यांनी तुरुंग भोगला परंतु ज्यांच्या हाती लेखणी नव्हती, अशा बहुसंख्य बंदीजनांचा अनुभव या समीकरणाबाहेर राहिला.

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात असलेले महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू सैद यांचे जन्मगाव होय. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेल्या आणि १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकसमोर प्राणार्पण केलेल्या या गिरणी कामगाराने आपल्या बंदिवासाविषयी कोणताही ग्रंथ मागे ठेवला नाही. बंदिवासाचा अर्थ कोण ठरवतो, हा प्रश्न या एका मौनामुळे टोकदार होतो. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाच्या आधारे मराठीतील बंदिवासविषयक शब्द, प्रमुख तुरुंगलेखन, भिंतीविना भोगलेला बंदिवास आणि आंबेगाव-जुन्नर परिसरातील या संकल्पनेचा आजचा वापर यांचा विचार केला आहे.

शब्दांची साक्ष

मराठीत बंदिवासासाठी एकच एक शब्द नाही. 'बंदी', 'बंधन', 'बंदिशाळा' हे शब्द बांधण्याच्या क्रियेशी निगडित आहेत. 'कैद' हा अरबीतून आलेला शब्द राजसत्तेच्या व्यवहारातून रुळला. 'तुरुंग' हा शब्द पोर्तुगीज 'ट्रोंको'पासून आल्याचे सांगितले जाते. त्याचा मूळ अर्थ झाडाचे खोड असा असून, कैद्याचे पाय अडकवण्याच्या लाकडी साधनासाठी मराठीत रूढ असलेला 'खोडा' हा शब्दही त्याच अर्थाच्या जवळ जातो. 'नजरकैद' या शब्दात भिंतीची जागा पाहणाऱ्याच्या डोळ्याने घेतली आहे. 'ओलीस' या शब्दात माणूस एखाद्या व्यवहाराचे तारण बनतो. 'स्थानबद्ध' हा शब्द आधुनिक कायद्याच्या परिभाषेतला असून, गुन्हा सिद्ध झालेला नसतानाही माणसाला डांबता येते, हे तो सौम्यपणे सांगतो. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात 'मिसा' कायद्याखाली हा शब्द घराघरांत पोहोचला. १९७५च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत यांनाही १९७६मध्ये अटक झाली होती.

या शब्दांच्या वापराला इतिहासाचा आधार आहे. १६६६मध्ये आग्र्यात शिवाजी महाराजांवर बसलेल्या चौकीपहाऱ्यात नजरकैदेचा अर्थ आढळतो. १६८९मध्ये रायगड पडल्यानंतर येसूबाई व बालवयीन शाहू मोगलांच्या हाती लागले. शाहूंची सुटका १७०७मध्ये झाली, तर येसूबाईंना स्वराज्यात परतण्यासाठी १७१९ साल उजाडावे लागले. सुमारे तीस वर्षांच्या या बंदिवासाचा विचार इतिहासलेखनात प्रामुख्याने राजकारणातील डावपेच म्हणून झाला. येसूबाईंचे त्या काळातील जगणे हा त्या लेखनाचा केंद्रविषय होऊ शकला नाही. म्हणजेच बंदिवासाचा अर्थ बंदीच्या अनुभवावरून न ठरता त्याच्या सुटकेमुळे कोणाला काय लाभले यावरून ठरावा, ही प्रवृत्ती बरीच जुनी आहे.

लेखणी लाभलेला बंदिवास

२२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुढे तिचे साध्या कैदेत रूपांतर होऊन त्यांना मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे १९१०-११च्या हिवाळ्यात सुमारे पाच महिन्यांत त्यांनी 'गीतारहस्य'चा खर्डा लिहिला. शाई वापरण्यास परवानगी नव्हती. पृष्ठांवर क्रमांक घातलेल्या बांधीव वह्या आणि शिसपेन्सिल एवढेच साहित्य मिळत असे. सुटकेनंतर या वह्या सरकारकडून परत मिळाल्या आणि १९१५मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. याच बंदिवासात, १९१२मध्ये, त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई यांचे पुण्यात निधन झाले.

'गीतारहस्य' हा कर्मयोगाचे प्रतिपादन करणारा ग्रंथ ज्याला कर्म करण्याची मोकळीक उरलेली नाही अशा माणसाने लिहिला आहे, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. ग्रंथाच्या युक्तिवादात तुरुंगाचा निर्देश जवळजवळ नसला तरी, कर्म सुटत नाही या आग्रहामागे सक्तीच्या निष्क्रियतेचा ताण जाणवतो. या कोठडीच्या चित्राला आणखी एक कड आहे. टिळकांच्या स्वयंपाकासाठी एक मराठी कैदी त्यांच्यासोबत ठेवलेला होता. एकाच ठिकाणी दोन बंदी होते. त्यांपैकी एकाच्या बंदिवासातून ग्रंथ निर्माण झाला, तर दुसऱ्याचा बंदिवास टिळकांच्या आठवणींचा भाग म्हणूनच उरला.

वि. दा. सावरकरांची स्थिती याहून वेगळी होती. पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन ते १९११मध्ये अंदमानात दाखल झाले. कोलू ओढणे, काथ्या कुटणे ही कामे त्यांच्या वाट्याला आली. कागद नसल्याने भिंतीवर कोरून आणि पाठांतर करून त्यांनी काव्यरचना जपली. 'माझी जन्मठेप' हा ग्रंथ मात्र सुटकेनंतरचा, १९२७ साली प्रसिद्ध झालेला आहे. त्या काळात ते राजकारणात भाग न घेण्याच्या अटीवर रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. त्यामुळे या ग्रंथात एका बंदिवासाविषयी दुसऱ्या, तुलनेने सौम्य बंदिवासात राहून लिहिले गेले आहे. निवेदनातील नाट्य, उपरोध आणि काही ठिकाणची सूचकता समजून घेताना ही दुहेरी चौकट विचारात घ्यावी लागते. बारीसाहेब, जमादार, वॉर्डर आणि निरनिराळ्या प्रांतांतून आलेले सामान्य कैदी यांचे जिवंत चित्रण हा या ग्रंथाचा मोठा वाङ्मयीन विशेष होय. तरीही ते सामान्य कैदी निवेदकाच्या दृष्टीतूनच दिसतात. त्यांना सुधारावे, शिकवावे, संघटित करावे अशी भूमिका निवेदक घेतो. त्यांचे स्वतःचे निवेदन ग्रंथात येत नाही, आणि त्या काळाच्या मर्यादा पाहता ते येणे संभवनीयही नव्हते.

१९३२मध्ये धुळे तुरुंगात विनोबा भावे यांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती टिपून घेतली आणि त्यातून 'गीताप्रवचने' हा ग्रंथ सिद्ध झाला. येथे बंदिवास एकांताचा राहिलेला नाही. तो श्रवणाचा, म्हणजे सामूहिक झाला आहे. ज्याला वाचता येत नाही असा बंदीही या ग्रंथाच्या निर्मितीत श्रोता म्हणून सहभागी होऊ शकत होता. विनोबांची साधी वाक्ये आणि शेती-संसारातील दृष्टान्त यांचे श्रेय त्या श्रोतृवर्गालाही द्यावे लागते. 'गीतारहस्य' आणि 'गीताप्रवचने' यांच्या शैलीतील अंतर व्यक्तिभेदाइतकेच बंदिवासाच्या रचनेतील भेदातूनही आले आहे, असे म्हणता येईल.

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३मध्ये अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई'चा बहुतांश भाग लिहिला. या पुस्तकातून तुरुंग संपूर्णपणे वगळला आहे. कथा घडते ती कोकणातील घरात, आणि सांगितली जाते ती आश्रमातील रात्रींत. गजांच्या आड बसलेल्या लेखकाने गजांचा उल्लेखच न करणे हा एक अर्थपूर्ण वाङ्मयीन निर्णय मानावा लागतो. बंदिवासाने हिरावलेले घर भाषेत पुन्हा उभारणे हा येथे बंदिवासाचा अर्थ ठरतो. इटलीत १९२६मध्ये अटक झालेल्या अंतोनिओ ग्राम्शी यांनी याच दशकात तुरुंगातील वह्यांमध्ये समाजरचनेचे विश्लेषण केले. त्यांची वाट निराळी असली तरी वही मिळणे ही अट दोन्हीकडे समान आहे.

तुरुंगातील वर्गवारी

हीच अट समीक्षेने पुरेशी तपासलेली नाही. १९२९मध्ये जतीन दास यांचा लाहोरच्या तुरुंगात उपोषणात मृत्यू झाला. त्यानंतर सरकारने १९३०मध्ये कैद्यांची अ, ब आणि क अशी वर्गवारी लागू केली. शिक्षण, सामाजिक दर्जा आणि राहणीमान हे या वर्गवारीचे निकष होते. वरच्या वर्गांना पुस्तके, लेखनसाहित्य, पत्रव्यवहार आणि बरे अन्न यांच्या सवलती अधिक होत्या. सत्याग्रहींपैकी बहुसंख्य 'क' वर्गात गेले आणि त्यांना सामान्य कैद्यांप्रमाणेच सक्तमजुरीची कामे करावी लागली. एकाच कायदेभंगासाठी, एकाच दिवशी पकडलेल्या दोन माणसांचा बंदिवास या व्यवस्थेत एकसारखा राहिला नाही. मिशेल फुको यांनी 'डिसिप्लिन अँड पनिश' (१९७५) या ग्रंथात तुरुंग माणसांचे वर्गीकरण करणारी यंत्रणा कसा बनतो, हे दाखवले आहे. वसाहतीच्या तुरुंगात बाहेरच्या समाजाची उतरंड अधिकृत अक्षरांनिशी आत आली, एवढी भर त्यात घालावी लागेल.

तेव्हा तुरुंगलेखनाचे सौंदर्यशास्त्र मांडताना प्रतिभा आणि ध्येयनिष्ठा यांच्याबरोबर कागद, उजेड, वेळ आणि दर्जा या भौतिक गोष्टीही विचारात घेणे आवश्यक आहे. यामुळे ग्रंथकर्त्यांची थोरवी उणावत नाही. ग्रंथ कोणत्या परिस्थितीत शक्य झाला आणि कोणाला तो शक्य नव्हता, याचे भान मात्र येते.

महाळुंगे पडवळचा बंदी

बाबू गेनू यांचा जन्म १९०८च्या सुमारास महाळुंगे पडवळ येथील गरीब शेतकरी कुटुंबात झाला. पोटासाठी मुंबई गाठून गिरणीत काम करणे हा या परिसरातील असंख्य कुटुंबांचा मार्ग त्यांनीही पत्करला. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल त्यांना तुरुंगवास झाल्याचे चरित्रपर लेखनात नोंदवले आहे. त्यानंतर १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात विदेशी कापड वाहून नेणारा ट्रक अडवण्यासाठी ते रस्त्यावर आडवे झाले. ट्रक अंगावरून गेला आणि बावीस वर्षांच्या आसपासच्या या तरुणाला मृत्यू आला. १२ डिसेंबर हा दिवस आजही स्वदेशी दिन म्हणून पाळला जातो.

त्यांच्यावरील लेखनात मृत्यूच्या क्षणाला सर्व जागा मिळाली आहे. तुरुंगवास त्यात एका वाक्यापुरता, मृत्यूकडे जाणाऱ्या पायरीसारखा येतो. कोठडीत त्यांनी काय सोसले, बरोबरीच्या कैद्यांशी काय बोलले, घरच्यांची काळजी कशी वाहिली, हे वाचकाला कळत नाही. टिळकांच्या बाबतीत बंदिवास हा चरित्राचा केंद्रबिंदू होतो आणि बाबू गेनूंच्या बाबतीत तो तपशील होतो. सोसण्याच्या मापाने हा फरक समजावता येत नाही. त्याचा संबंध नोंद राहण्याशी आहे.

तरीही न लिहिणाऱ्यांचे भाष्य अस्तित्वातच नव्हते, असे मानणे चुकीचे ठरेल. १९०८मध्ये टिळकांना शिक्षा झाल्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवसांचा संप केला. सहा वर्षांच्या शिक्षेसाठी सहा दिवस, असा त्याचा अर्थ लोकस्मृतीने लावला. एका लेखकाच्या बंदिवासावर अक्षरशत्रू म्हणून हिणवल्या गेलेल्या वर्गाने केलेली ही टीका होती आणि ती सरकारला नीट वाचता आली. त्यासाठी कामगारांना गोळीबारालाही तोंड द्यावे लागले. त्याच गिरणगावात पुढे वाढलेल्या बाबू गेनूंनी रस्त्यावर टाकलेला देह हाही त्याच परंपरेतील उच्चार मानता येतो. कृतीला संहितेचा दर्जा द्यायचा की नाही, हा समीक्षेपुढील प्रश्न आहे. तो दर्जा नाकारला तर बंदिवासाचा अर्थ साक्षरांच्या मक्तेदारीत राहतो. तो देताना मात्र कृती करणाऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालण्याचा मोहही टाळावा लागतो. स्मरणग्रंथांत हुतात्म्यांच्या मुखी येणारी अलंकारिक वाक्ये हे या मोहाचेच उदाहरण होय.

भिंतीविना बंदिवास

बंदिवासाचा आणखी एक अर्थ तुरुंगाच्या दाराबाहेर सापडतो. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. नोंदणी, हजेरी, गाव सोडण्यासाठी परवाना असे निर्बंध लादले गेले. पुढे १९११च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहती उभ्या राहिल्या. लोकभाषेत त्यांना 'सेटलमेंट' म्हणत. येथे शिक्षेला आरंभ होण्यासाठी गुन्ह्याची गरज नव्हती आणि शिक्षेला मुदतही नव्हती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. परंतु सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांमुळे, मुंबई राज्यात १९५९च्या कायद्यामुळे, संशयाची चौकट कायम राहिली.

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने या संदर्भात तुरुंगलेखन म्हणून वाचण्याची गरज आहे. रूढ वर्गीकरणानुसार ती दलित-भटक्या विमुक्तांच्या साहित्यात मोडतात आणि तुरुंगलेखनाच्या चर्चेत येत नाहीत. 'उचल्या'मधील पोलिसांचे छापे, मारहाण आणि काम मिळवण्याच्या प्रत्येक प्रयत्नात आडवी येणारी जमातीची ओळख हे सारे बंदिवासाचेच अनुभव आहेत. राजबंद्याला तुरुंगातून सुटल्यावर समाजात मान मिळतो. या आत्मकथनांतील माणसाला सुटकेचा दिवसच ठाऊक नाही, कारण त्याच्या तुरुंगाला दरवाजा नाही. सत्याग्रही तुरुंग स्वीकारतो, म्हणून त्याच्या बंदिवासात स्वातंत्र्याचा अंश असतो. जन्माने बंदी ठरलेल्याला स्वीकारण्याचा वा नाकारण्याचा अवसरच नसतो. बंदिवासाच्या कोणत्याही सिद्धान्तात हा भेद मूलभूत मानला पाहिजे.

'जेरबंद' : शब्दाचा आजचा वापर

आंबेगाव-जुन्नर परिसरात बंदिवासाचा सर्वाधिक कानी पडणारा शब्द आज 'जेरबंद' हा आहे आणि तो प्रामुख्याने बिबट्यासाठी वापरला जातो. मूळ फारसीत जेरबंद म्हणजे घोड्याची मान वर उसळू नये म्हणून खालून बांधलेला पट्टा. त्यावरून काबूत आणणे हा अर्थ रूढ झाला. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाला 'हुतात्मा बाबू गेनू सागर' हे नाव आहे. या जलाशयात तालुक्याला नाव देणारे जुने आंबेगाव बुडाले आणि त्याच पाण्यावर खालच्या भागात उसाचे क्षेत्र वाढले. उसाच्या फडात बिबट्यांना आसरा मिळाला, माद्या तेथेच वीऊ लागल्या आणि माणसांवरील हल्ल्यांमुळे पिंजरे लावणे भाग पडले. पकडलेल्यांपैकी काही बिबटे जुन्नरजवळील माणिकडोह येथील निवारा केंद्रात कायमचे बंदिस्त झाले. पकडून दूर नेऊन सोडण्याच्या उपायानंतर हल्ले घटण्याऐवजी वाढले, असा निष्कर्ष विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच परिसरातील अभ्यासातून २०११मध्ये मांडला.

ज्या घरातील मूल हल्ल्यात गेले त्या घराला पिंजरा हा न्याय वाटणे स्वाभाविक आहे आणि त्या दुःखापुढे शब्दचर्चा थिटी ठरते. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणारा शेतकरी, ऊसतोडणी मजुरांच्या कोपीतील बाई आणि शाळेच्या वाटेवरील मुले यांच्यासाठी अंधार पडल्यावर घर हीच कोठडी होते. येथे माणूस आणि प्राणी दोघेही एकाच पाणी-ऊस व्यवस्थेचे बंदी झाले आहेत. 'नरभक्षक जेरबंद' या नेहमीच्या मथळ्यात मात्र बंदिवासाचा एकच अर्थ उरतो, तो म्हणजे पकडणाऱ्याचा विजय. पिंजऱ्यात आलेला बिबट्या हल्ला करणाराच होता का, हा प्रश्नही त्या शब्दाच्या आवेशात मागे पडतो. गुन्हा सिद्ध होण्यापूर्वी जमातीवरून दोषी ठरवण्याची रीत भाषेत किती खोल रुजली आहे, याचा हा आजचा पुरावा होय.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही मुद्दे स्पष्ट होतात. बंदिवासाला स्वयंसिद्ध असा एक अर्थ नाही. बंदी कोण आहे, त्याने बंदिवास स्वीकारला की तो त्याच्यावर लादला गेला, त्याला मुदत आहे की नाही, आणि त्याविषयी बोलण्याचे साधन कोणाकडे आहे, या चार गोष्टींवर तो अर्थ अवलंबून असतो. मराठी समीक्षेने पहिल्या मुद्द्याकडे भरपूर आणि चौथ्याकडे फार थोडे लक्ष दिले. त्यामुळे 'माझी जन्मठेप' आणि 'उचल्या' ही पुस्तके एकाच महाविद्यालयात, अनेकदा एकाच वर्गात शिकवली जात असूनही एकमेकांशेजारी ठेवून वाचली जात नाहीत.

अभ्यासक्रमात ती तशी वाचली जाणे शक्य आहे. त्यासाठी नवे पुस्तक नेमण्याची गरज नाही, प्रश्नपत्रिकेतील एक प्रश्न बदलला तरी पुरे. 'तुरुंगवासातील साहित्यनिर्मितीचे विशेष लिहा' या प्रश्नासोबत 'कोणाच्या तुरुंगवासातून साहित्य निर्माण झाले नाही आणि का' हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे. महाळुंगे पडवळ, मंचर, घोडेगाव, जुन्नर या परिसरातील महाविद्यालयांना तर हे काम अधिक जवळचे आहे. गिरण्यांत आयुष्य घालवून गावी परतलेले वृद्ध, डिंभे धरणाने उठवलेल्या गावांतील कुटुंबे आणि विमुक्त जमातींतील ज्येष्ठ यांच्या मौखिक आठवणी विद्यार्थ्यांनी नोंदवल्या, तर साहित्य आणि इतिहास या दोन्ही विषयांच्या हाती नवे साधन येईल. ही माणसे वयोवृद्ध आहेत आणि हे काम फार काळ पुढे ढकलता येण्याजोगे नाही.

बाबू गेनूंच्या बंदिवासाचा वृत्तान्त आता कोणीही त्यांच्या शब्दांत देऊ शकणार नाही. ती रिकामी जागा गौरवपर वाक्यांनी भरून काढण्यापेक्षा रिकामी म्हणून दाखवणे अधिक प्रामाणिक ठरेल. मराठी तुरुंगलेखनाचा इतिहास लिहिताना त्या जागेचा निर्देश असणे, हेच त्या इतिहासाच्या पूर्णतेच्या दिशेने पडलेले पहिले पाऊल होय.